नॉइजच्या फोल्डरमधली आई

माझ्या आईचा आवाज मीटिंग रूमच्या स्पीकरवर लागला तेव्हा आत आम्ही चौघं होतो. टोकियोच्या तोयोसूतलं ऑफिस, एकोणिसावा मजला, खिडकीबाहेर खाडीचं पाणी. आई सांगत होती, लोखंडी कढई कशी ठोकायची. पत्रा किती तापवायचा, काठ कसा वळवायचा, घाव कुठे हलका मारायचा. मध्येच ती खोकली. मग कुणाला तरी ओरडून कोंबड्या हाकलायला सांगितलं. मग परत कढई.

भल्ला-सान आधी हसले. इथं मोठ्यांच्या नावापुढे 'सान' लावतात, आपल्या 'जी'सारखं. दिल्लीचे, पन्नाशीचे, आमच्या प्रोजेक्टवरचे पंजाबीचे तज्ज्ञ. म्हणाले, "ये पंजाबी नहीं है. ये तो कुछ भी नहीं है."

रेवती आमची टीम लीड. पुण्याची. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अगं, कुणीतरी कामवालीलाच बसवलेलं दिसतंय माइकसमोर."

मोरिता-सान आमचे जपानी मॅनेजर. त्यांना यातलं एक अक्षर कळलं नाही. सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

आणि मीपण हसले.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून लोक मला धीराची म्हणतात. कसला धीर आणि कसलं काय. माझ्या आईच्या आवाजावर मी चारचौघांत दात काढून हसले. तो आवाज कुणाचा आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

रेवतीनं लॅपटॉपवर ती क्लिप ओढली आणि 'नॉइज' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. त्या फोल्डरमध्ये काय असतं? कुत्र्याचं भुंकणं. पंख्याची घरघर. गाडीचा हॉर्न. दार आपटल्याचा आवाज. मशीनला शिकवायचं असतं की ही माणसाची भाषा नाही, इकडे लक्ष देऊ नको. आईच्या बावीस क्लिपा होत्या. बावीसच्या बावीस तिकडे गेल्या, आणि आम्ही जेवायला गेलो.

आम्ही शिकलकरी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आमची वस्ती. बाप चाकू-सुऱ्यांना धार लावायचा, कुलपांच्या किल्ल्या करायचा. आई कढया, झारे, चाळण्या घेऊन आठवडी बाजारात बसायची. बापाच्या डोक्याला पगडी, नावांत सिंग आणि कौर, पण पंजाब आमच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता. आमचे पूर्वज फौजांबरोबर हत्यारं घडवत, पाजळत दक्षिणेत आले म्हणतात. किती पिढ्या झाल्या, देव जाणे. वाटेत जो मुलूख लागला त्याची भाषा आमच्या भाषेला चिकटत गेली. बोलायची ढब पंजाबी, भाजी-भाकरीची नावं मराठी, शिव्या तिसरीकडच्याच. आई विचारते, "भाकर खादी का, पुत्तर?" यात पंजाबी कुठं संपते आणि मराठी कुठं लागते ते मला आजही सांगता येत नाही. भूक लागलेल्या पोराला कळायचं, तेवढं पुरे होतं.

गावात कुठंही घरफोडी झाली की पोलीस आधी आमच्या वस्तीत. मी सहा-सात वर्षांची असेन. सकाळीच बापाला न्यायला आले. आई भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं उठली आणि बोलायला लागली, की हा काल दिवसभर बाजारात माझ्याशेजारी बसला होता, विचारा कुणालाही. आमच्या बोलीत बोलली. तिला मराठी येत होती, बाजारात बोलायचीच की. पण माणूस घाबरला की घरचीच भाषा तोंडात येते. पोलीस म्हणाला, "माणसासारखं बोल." आईनं परत सांगितलं, अजून मोठ्यानं, त्याच भाषेत. तो म्हणाला, "माणसासारखं बोल म्हणलं ना."

बाप तीन दिवसांनी आला. नीट चालता येत नव्हतं. चोर दुसराच निघाला.

शाळेतही तेच, फक्त तिथं मारत नव्हते. तपासणीला साहेब आले होते. बाईंनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, हिच्या लोकांची एक गुप्त भाषा असते साहेब, चोरी करताना बोलायची. बोल गं एक वाक्य. मी बोलले. काय बोलले आठवत नाही, बहुतेक आई रोज जे विचारते तेच. वर्ग हसला. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. त्या दिवसानंतर शाळेच्या फाटकाच्या आत आमची बोली मी तोंडातून काढली नाही. मराठी मात्र अशी घोटली की शुद्धलेखनात पैकीच्या पैकी. म्हणून हे मराठीत लिहितेय. आमची बोली कागदावर कशी उतरवायची हे मला कुणी शिकवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही.

पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी मुलींनी दारावरची पाटी वाचली. कौर! म्हणजे पंजाबी! मग घरी परांठे, लस्सी, लग्नात भांगडा, आईचा मोठा बंगला, असं त्यांनीच सगळं ठरवून टाकलं. मी फक्त मान हलवली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण वाळा कुणी बघायलाच आलं नाही. कुणी जात विचारली नाही. मला वाटलं, सुटले. मग ते निभवायला खरी पंजाबी शिकले. हॉस्टेलमधल्या अमृतसरच्या एका मुलीकडून, टीव्हीवरून. लाहोर-अमृतसरकडची ती बोली प्रमाण मानतात, पुस्तकांत तीच. चार वर्षांत इतकी बेमालूम बोलायला लागले की त्या मुलीची आई भेटली तेव्हा तिनं विचारलं, तुम्ही अमृतसरात कुठल्या बाजूचे? मी एका गल्लीचं नाव ठोकून दिलं.

टोकियोत येऊन आता सहावं वर्ष. आम्ही ओजिमात राहतो, नवरा, मी आणि आठ वर्षांची पोरगी. नवराही आमच्यातलाच. तो माझ्या व्हिसावर आलाय, हिगाशी-कसाईत एका इंडियन दुकानात बाइतो करतो, म्हणजे पार्ट-टाइम. घर, व्हिसा, पोरीची शाळा, सगळं माझ्या नोकरीवर.

गेल्या वर्षी हे काम आलं. इथं राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी फोनची हेल्पलाइन. माणसानं आपल्या भाषेत बोलायचं, मशीननं ओळखायचं आणि दवाखान्याला नाहीतर ऑफिसला जोडून द्यायचं. पंजाबीसाठी दोन तपासनीस हवे होते, दोघांचीही मातृभाषा पंजाबीच पाहिजे अशी क्लायंटची अट. भल्ला-सान एक. रेवतीनं माझं आडनाव पाहिलं आणि म्हणाली, तू आहेसच की! फॉर्म आला. मातृभाषेच्या रकान्यात मी लिहिलं, पंजाबी, प्रमाण. खाली माझा हांको उठवला. हांको म्हणजे इथं सहीऐवजी मारतात तो नावाचा छोटा गोल शिक्का. दुसरा विचारसुद्धा केला नाही. इतक्या वर्षांची सवय.

कामात एक अडचण होती. म्हाताऱ्या बायकांचे आवाज कमी पडत होते. रेवती म्हणाली, आपापल्या घरून मागवा, संमतीचा कागद घ्या, क्लिपवर नाव नको, नुसता नंबर. मी आईला फोन केला. खरं तर तिथंच चुकले. मला वाटलं, एवढ्या हजारो क्लिपांत माझ्या आईची कुठं लक्षात येणार. शिवाय मनात कुठंतरी हेही होतं की बघू, मशीनला तरी चालते का आमची भाषा. माझ्या हिमतीवर बोलायचं नव्हतं, मशीनच्या आडून बोलायचं होतं.

आईनं ते भलतंच मनावर घेतलं. नुसता आवाज जाणार हे सांगूनसुद्धा केस विंचरून, डोक्यावर चुन्नी घेऊन बसली. मला विचारलं, जपानला आपली बोली कशाला लागते? मी म्हटलं, इथं एक मशीन शिकतंय. ती हसली. म्हणाली, मशीनला लाज नाही वाटत ना आपली? मग बावीस वेळा बोलली. कढई, झारा, धार कशी लावायची, धार लागली की नाही हे अंगठ्यावर कसं बघायचं. त्यानंतर दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच, माझी कढई पोचली का? मी सांगायचे, पोचली.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक कागद आला. क्लायंट सरकारी, म्हणून काढून टाकलेल्या क्लिपांची यादी कागदावर, आणि त्यावर दोन्ही तपासनिसांचे शिक्के लागतात. बावीस ओळी. कारणाच्या रकान्यात बावीस वेळा एकच, 'भाषा नाही'. भल्ला-सानांचा लाल शिक्का उठलेला होता. शेजारी एक रिकामा गोल, माझ्यासाठी. वर पिवळी चिठ्ठी, कृपया. इथं कुणी ओरडत नाही, कुणी धमकावत नाही. कागद नुसता टेबलावर पडून राहतो, येता-जाता दिसत राहतो. दोन दिवस मी त्यावर कीबोर्ड ठेवून काम केलं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शिक्का मारला नाही तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं तर तो आवाज कुणाच्या आईचा हे निघणार. ते निघालं की माझा फॉर्म खोटा, आणि खोट्या फॉर्मवर नोकरी टिकत नाही, नोकरीवर व्हिसा आहे. शिक्का मारला तर काहीच होणार नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. दोन सेकंदांचं काम. मी इतकी दमले होते की एकदा टोपण काढून शिक्का हातात घेतलासुद्धा.

तिसऱ्या दिवशी मी भल्ला-सानांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं. ते खाली पाण्याकडेच्या बाकावर बसून कोंबिनीतली, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातली, भाताच्या गोळ्याची ओनिगिरी खात होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पंजाबी म्हणून आपण नेमकं काय काय धरतो? ते खुशीत आले. मालवाई धरायची, दोआबी धरायची, पोठोहारीही चालेल. मुलतानीवर वाद आहे, तिकडचे लोक ती वेगळी भाषा मानतात. डोगरी तर आता वेगळीच धरतात. असं बरंच बोलले. मग दुसऱ्या ओनिगिरीचा कागद उलगडता उलगडता थांबले.

"मेरी दादी मुलतानी बोलती थी," ते म्हणाले. "मोहल्ले में सब हँसते थे. पापा ने घर में बंद करवा दी."

मी विचारलं, मग त्या कुठल्या भाषेत बोलायच्या?

"फिर वो कम ही बोलती थी."

मला वाटलं आता हा माणूस वर जाईल आणि आपला शिक्का खोडेल. इतकं कळतंय, इतकं आठवतंय, आता तरी. त्यांनी ओनिगिरी संपवली, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाले की क्लायंटला स्वच्छ डेटा लागतो, आपण काय करणार. मला त्यांचा राग आला. पण लिफ्टमध्ये वर जाताना लक्षात आलं की यांच्या घरी निदान वडिलांनी बंद पाडली, माझ्या घरी मीच पाडली.

त्याच संध्याकाळी ते डोळ्यांनी पाहिलं, आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा. आई पोरीला म्हणाली, भाकर खादी का, पुत्तर? पोरीनं माझ्याकडे बघून जपानीत विचारलं, ओबाआचान, म्हणजे आजी, काय म्हणतेय? मी जपानीत सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. आठ वर्षांत या मुलीशी मी आमच्या बोलीत एक वाक्य बोलले नव्हते. मराठी बोलले, इंग्रजी बोलले, पाहुणे आले की अमृतसरी पंजाबी बोलले. नवरा बोलायला गेला तर त्यालाही गप्प केलं, शाळेत चुकून बोलेल म्हणून. टोकियोतल्या शाळेत! तिथं कोण ओळखणार होतं? रेवतीनं बावीस क्लिपा टाकल्या. मी अख्खी भाषा टाकली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मला माझीच शिसारी आली.

रात्रीचं जेवण झाल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भांडी पुसत होता, तेवढी संपवली. मग म्हणाला, परत जावं लागलं तर जाऊ. मी विचारलं, पोरीचं काय? त्यानं पोरीचं दप्तर उचलून दाराशी नेऊन ठेवलं.

शुक्रवारी त्याच खोलीत, तेच चौघं. मोरिता-सानांनी तो कागद समोर सरकवला आणि फार नम्रपणे विचारलं, काही अडचण आहे का? रेवती म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे गं, चार दिवस काय लावलेस. मी पर्समधून हांको काढला. टोपण न काढता टेबलावर ठेवला.

"मी शिक्का मारणार नाही," मी म्हटलं. "ही माझी आई आहे."

मराठीत म्हटलं, मग जपानीत म्हटलं. मग सगळंच सांगितलं. आम्ही शिकलकरी आहोत. आई जे बोलते ती आमची बोली. मी फॉर्मवर लिहिलंय ती माझी मातृभाषा नाही, शिकलेली आहे. तो फॉर्म खोटा आहे.

रेवतीचा चेहरा उतरला. फॉर्मवर खोटं लिहिलंस, याचा अर्थ तुला कळतोय का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कळतोय. मग ती जरा नरमली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मला माहीत असतं ना, तर मी तसं बोललेच नसते."

"माझी आई नसती, तर चाललं असतं?"

तिनं हात काढून घेतला. वाईट बाई नाही ती. माझ्या पोरीला ताप आला होता तेव्हा रात्री स्वतः डबा घेऊन ओजिमाला आली होती. पण त्या प्रश्नाचं उत्तर तिनं अजून दिलेलं नाही.

मोरिता-सान कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून बसले होते. त्यांनी मला विचारलं, तुमच्या मते ही भाषा आहे? मी म्हटलं, आहे. त्यांनी भल्ला-सानांकडे पाहिलं. भल्ला-सान चहाच्या बाटलीवरचा कागद नखानं सोलत होते. मान वर केली नाही. मोरिता-सानांनी कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'निर्णय राखून ठेवला', आणि कागद फाइलमध्ये घातला. झालं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल.

सोमवारी मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. आता मी दुसऱ्याच एका ॲपची बटणं दाबून बघते, चालतात का. कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतं. पुढचं कुणी काही बोलत नाही, आणि इथं कुणी बोलत नाही म्हणजे काय ते मला समजतं. एचआरनं नवा फॉर्म पाठवला, मातृभाषा दुरुस्त करा म्हणून. त्यांच्या यादीत शिकलकरी नाही. मी हातानं लिहून दिलं. परत आला, यादीतलं निवडा किंवा 'इतर' निवडा. मी परत हातानं लिहिलं. आत्तापर्यंत तीनदा परत आलाय.

रविवारी आईचा फोन आला. माझी कढई पोचली का? या वेळी मी खरं सांगितलं. पोचली होती, पण ते म्हणाले ही भाषाच नाही, नुसता आवाज आहे. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "अन् तू की आख्या?" तू काय म्हणालीस?

मी सांगितलं, पहिल्या दिवशी हसले.

मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती म्हणाली, तुझा बाप पण हसायचा. साहेब हसला की आम्ही सगळे हसायचो, मार कमी बसायचा. आणि मग विचारलं, पोरगी जेवली का? मला त्या दिवशी कळलं की मी हसायला कुठं शिकले.

आता घरी मी पोरीशी आमच्या बोलीत बोलते. ती जपानीत उत्तर देते, कधी कंटाळते, कधी हसते. हसू दे, तिला कुणी मारत नाही. माझी जीभ सारखी अडखळते, शब्द आठवत नाहीत, आईला फोन करून विचारावे लागतात. वय चाळीस आणि मी घरची भाषा विचारून बोलते. दमायला होतं. तरी रोज बोलते.

तो कागद परत येणार. राखून ठेवलेला निर्णय मार्चच्या आधी कुणालातरी निकालात काढायचा असेल, आणि अजून त्यावर माझाच शिक्का कमी आहे. हांको माझ्या पर्समध्ये आहे, टोपण लावलेला. नोकरी गेली तर जाईल, व्हिसा गेला तर जाईल, तो त्या गोलात उठणार नाही. आणि पुन्हा त्या खोलीत कुणी ते बावीस आवाज लावून हसलं, तर मी हसणार नाही. मी विचारणार आहे, का हसलात ते सांगा. माणसासारखं सांगा.